उसनी दुआ

गादीचं तोंड शिवून झालं, गिऱ्हाईक ती डोक्यावर घेऊन गेलंही, तरी दौलतराव सादिकच्या दुकानाची पायरी सोडेनात. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

“जुम्म्याले मंगरूळच्या दर्ग्यावर जातं ना तू?”

“जातो ना. काहून?”

“माह्यासाठीबी एक दुआ मांग.”

पुढच्या गादीवर चालणारं सादिकचं दाभण थांबलं. थांबणारच. या माणसाने आसेगावात नवस बोलणाऱ्यांना आयुष्यभर फैलावर घेतलं होतं. एसटीत कंडक्टर असताना ‘बुद्ध देत नसतो, वाट दाखवतो’ हे त्याने तिकिटाबरोबर प्रवाशांना फुकट ऐकवलं होतं. आणि आता दुआ, तीही दुसऱ्याच्या तोंडून.

“कायची?”

“धम्मरत्नाच्या जहाजांची.”

जहाजांची गोष्ट सादिकला ठाऊक होती. दौलतरावांचा एकुलता एक मुलगा कोरियात, जहाजं बांधणाऱ्या कारखान्यात वेल्डर होता. गॅस वाहून नेणाऱ्या मोठाल्या जहाजांचं काम निघालं होतं आणि त्यावर धम्मरत्नचा कारखाना आणि चीनचा एक, असे दोघे टपून बसले होते. काम कोरियाला मिळालं तर धम्मरत्नचा करार तीन वर्षांनी वाढणार. चीनने पळवलं तर बाहेरदेशच्या कामगारांना घरी धाडणार.

दौलतरावांना चीन जिंकायला हवा होता. बायको, विमलबाई, गेल्यापासून घर त्यांना खायला उठायचं. त्यांना पोरगं हवं होतं, या घरात, आवाज करत वावरणारं. पण पोटच्या पोराचं काम बुडू दे, हे कोणत्या बापाच्या जिभेवर येईल? सादिक लहानपणापासूनचा मित्र, न सांगता समजेल, असं त्यांनी धरून चाललं आणि ते उठले.

मग बातम्या पाहणं सुरू झालं. चीनचं नाव आलं की ते टीव्हीचा आवाज वाढवायचे. अख्ख्या गावात ते एकटेच चीनच्या बाजूने होते, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

एका दुपारी धम्मरत्नचा व्हिडिओ कॉल आला. मागे हेल्मेट घातलेली पोरं ओरडत होती.

“बाबा, काम आमालेच भेटलं! चीनवाले पाहतच राह्यले. करार वाढला माहा. खुश ना तुमी?”

“लय खुश,” दौलतराव म्हणाले. “जेवला काय तू?”

कॉल संपल्यावरही ते फोन हातात धरून बसले. डोळे भरून आले आणि त्याची त्यांना लाज वाटली, कारण बातमी आनंदाची होती.

दिवेलागणीला सादिक रेवड्यांचा पुडा घेऊन दारात उभा. चालताना लंगडत होता.

“धम्मरत्नानं मलेबी फोन केला! झाली ना कबूल?”

“पायाले काय झालं?”

“काही नाही बे. या जुम्म्याले मंगरूळले पायी गेलतो. म्हटलं, दौलतनं जिंदगीत पहिल्यांदा काही मांगलं, ते गाडीत बसून कायले मांगायचं? रोज पाची नमाजांत मांगलं, काम कोरियालेच भेटू दे म्हणून.”

दौलतरावांनी एक रेवडी तोंडात टाकली. ती काही केल्या फुटेना.

“म्या बराबर मांगलं ना?” सादिकने विचारलं.

“बराबर मांगलं, गड्या. लय केलं तू.”

“मंग आता पुढच्या जहाजांचीबी मांगून ठेवतो.”

“नको!”

केवढ्याने ओरडलो, हे दौलतरावांना ओरडून झाल्यावर कळलं. ते गडबडीने पाणी आणायला वळले. सादिक त्यांच्या पाठीकडे पाहत राहिला. मग उंबऱ्याशी चपला काढून तो आत आला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

“हलिमा जेवाची वाट पाहत असंल,” तो बायकोला लावायला खिशातला फोन काढत म्हणाला. “तिले सांगून देतो, आज मी इथंच जेवतो म्हणून.”