मिस्त्रीचं टाइट काम

शुक्रवार पेठेत गुरुशांत मिस्त्रीचं नाव एकाच गोष्टीसाठी निघायचं: त्याच्या हातून गेलेली गाडी टाइट असते. चाक धरून हलवा, जागचं हलणार नाही. 'ढिलं काम' हे शब्द त्याच्या दुकानात शिवीसारखे होते. माणूस भला, पण याबाबतीत कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही.

बार्शीच्या अंकिताचा भाऊ उदयसिंह चिखलातल्या शर्यतीत मोटरसायकल पळवायचा. त्याचं लग्न झालं आणि शर्यती सुटल्या. अंकिताला शहरात सात रस्ता चौकाजवळ नोकरी लागली, तेव्हा तीच गाडी रोजच्या वापरासाठी करून घ्यायला ती गुरुशांतकडे आली.

"मामा, हिचा गिअरबॉक्स आता कुटंच मिळत न्हाय," ती म्हणाली. "तो गेला की गाडी भंगारात. तेवढा जपा."

शर्यतीसाठी लावलेल्या मागच्या चाकात रबर नव्हते. रस्त्यावरच्या गाडीला चेन आणि चाक यांच्यामध्ये रबराचे ठोकळे लागतात. चेनचे झटके ते खातात. गुरुशांतनं तसं चाक मिळवलं, नवे रबर घातले. गाडी गिअरमध्ये ठेवली तरी चाक किंचित मागं-पुढं हलत होतं, आणि ते काही त्याला बघवेना. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यानं रबरांच्या फटींत ठोकल्या, तेव्हा कुठं गाडी दिली.

महिन्याभरानं ती ऑइल बदलायला आली. ऑइलमध्ये बारीक चकाकी दिसली. गुरुशांतनं बोटांत घासून पाहिली. लोखंडाचा चुरा होता. म्हणजे आत गिअरचे दात झिजत होते, पण त्याच्या तोंडातून भलतंच निघालं.

"क्लच झटक्यानं सोडता तुमी, ताई."

"व्हय का? मग गावाकडं रानात मी वरीसभर चालवली, तवा का न्हाय काय झालं? डांबरीवर आले तवापासनं गिअर टाकला की आतनं टक् वाजतंय."

गुरुशांतनं मागचं चाक धरून हलवलं; जागचं हललं नाही. रानात चाक मातीत घसरतं, झटका तिथंच जिरतो. डांबरावर चाक घसरत नाही. झटका रबरानं खायचा. आणि रबराला दबायला जागाच त्यानं ठेवली नव्हती. मुलीवर उगाच ढकललं, याची त्याला लाज वाटली.

"चूक माजी हाय," तो म्हणाला.

अख्खा दिवस मोडून त्यानं इंजिन उघडलं. दातांच्या कडा थोड्या झिजल्या होत्या, तुटलं काही नव्हतं. त्याचा जीव भांड्यात पडला. पट्ट्या उपसल्या, ताणलेली चेन बोटभर सैल केली.

संध्याकाळी अंकिता गाडी न्यायला आली, तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यातल्या अण्णारावांनी सवयीनं चाक धरून हलवलं.

"मिस्त्री, ढिलं ऱ्हायलं की वो!"

सगळे बघायला लागले. गुरुशांतचे कान तापले. पंचवीस वर्षांत हे त्याला कुणी म्हणालं नव्हतं.

"ऱ्हायलं न्हाय, ठिवलंय," तो म्हणाला. मग हातातला पाना खाली ठेवून त्यानं एकेकाकडं पाहिलं. "आन् अण्णाराव, उद्या तुमची गाडी आना. तुमी समदेच आना. समद्यांच्या चाकात मी पट्ट्या ठोकल्यात."