तळघरातलं पीक

"वर या म्हनते ना मी! डॉक्टरनं काय सांगतलं, इसरले का?"

तळघराच्या पायऱ्यांशी उभी राहून मनकर्णाबाई ओरडत होती. खालून उत्तर आलं ते खोकल्याचं. मग अंधारातून तिचा नवरा शालिग्राम खांद्यावर एक गादी घेऊन वर आला आणि काही झालंच नाही अशा थाटात म्हणाला, "काई नाई झालं हिले. उनात टाकली का चांगली होते."

"हिले नाई झालं, पन तुमाले होऊन राह्यलं ना!"

रिसोडच्या बाजारात शालिग्रामचं बिछायत केंद्र कुणीही दाखवलं असतं. लग्नकार्याला लागणाऱ्या गाद्या, लोड, सतरंज्या, पडदे, मांडवातले मोठाले पंखे आणि नवरानवरीच्या दोन सोनेरी खुर्च्या. वर लहानसं दुकान, खाली तळघर. अर्ध्या तालुक्याची लग्नं या तळघरात घडी घालून ठेवली आहेत, असं तो छाती फुगवून सांगायचा. माणूस फुशारक्या मारणारा, पण त्याच्या गादीला कधी वास आला नाही हेही तितकंच खरं. पाहुणा गादीवर टेकला की शालिग्राम मांडवाच्या खांबाला टेकून त्याच्या तोंडाकडे पाहत उभा राहायचा. स्वतः मात्र कुणाच्या लग्नात बसला नाही. पंगती उठल्या, गाद्या झटकून टेम्पोत चढल्या, की उरलंसुरलं खायचा आणि घरी यायचा.

या श्रावणात नाल्याचं पाणी बाजारात शिरलं आणि झरोक्यांतून तळघरात उतरलं. चांगलं कमरेइतकं. मुलाने, गोलूने, शेतातलं इंजिन आणून पाणी उपसलं, गाळ काढला. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं झालं. पुढचा घोळ नवराबायकोने मिळून घातला. घाण पाणी येऊन गेलं म्हणून मनकर्णाबाईने तळघर शेणाने सारवलं, भिंतीसुद्धा सोडल्या नाहीत, वर धूप घातला. धूर बाहेर जाऊ नये म्हणून शालिग्रामने झरोक्यांत पोती कोंबली. गच्चीवर वरवर सुकलेल्या गाद्या खाली रचल्या, शटर ओढलं आणि पोळा होईपर्यंत कुणी तिकडे फिरकायचं नाही, असं फर्मान काढलं.

पोळ्यानंतर शटर उघडलं, तर जमिनीवर पांढरी लव उगवलेली आणि भिंतींवर काळे-हिरवे ठिपके. मनकर्णाबाईने पदर नाकाला लावला तो घरी येईपर्यंत काढला नाही. शालिग्रामची छाती वाजायला लागली. डॉक्टरने सरळ सांगितलं, बुरशीने दमा चाळवलाय, ती जागा साफ होईपर्यंत खाली उतरायचं नाही. पण हा गडी रोज चोरून उतरायचा.

सून साधना हे सगळं गप्प राहून पाहत होती. आज मात्र तिला हसू आवरलं नाही.

"हसाले काय झालं तुले?" मनकर्णाबाईने विचारलं.

"आत्याबाई, अनसिंगले माह्या मायच्या बचत गटानं मशरूम लावले होते. ओली खोली, अंधार, दार बंद, आत भिजवलेलं गव्हाचं कुटार. येवढं करून आमचं पीक आलं नाई. आनं तुमचं पाहा, बी नाई लावलं तरी केवढं आलं!"

रागवावं की हसावं हे मनकर्णाबाईला क्षणभर कळेना. मग ती पायरीवर बसून पोट धरून हसली. शेण तिनेच कालवलं होतं ना.

"मंग तुमचं काहून नाई आलं?" शालिग्रामने फुरंगटून विचारलं.

"बाया घडीघडी दार उघडून पाहत, उगवलं का म्हनून. हवा गेली, ऊन गेलं, कुटार वाळलं." साधनाने पदर खोचला. "आपल्याले तेच कराचं हाय, मामाजी. आमचं पीक जसं बुडालं तसं हे बुडवाचं."

दुसऱ्या दिवशी नाकातोंडाला मास्क आणि वर दुपट्टा बांधून साधना आणि गोलू खाली उतरले. झरोक्यांतली पोती ओढून काढली. शेणाचा थर खरवडला, भिंती साबणाच्या पाण्याने घासल्या, फुगलेला गिलावा पाडून टाकला. मांडवातले पंखे खाली लावले आणि वारा झरोक्यांकडे सोडला. चुना लावायची घाई मनकर्णाबाईला झाली होती, पण भिंत आतून वाळल्याशिवाय साधना ब्रशला हात लावू देईना.

शालिग्रामला रस्त्याकडेला उन्हात बसवलं होतं. बसायला दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून नवरदेवाच्या सोनेरी खुर्चीत.

"काका, दुसरं लगन का?" येणारेजाणारे विचारत.

"हाव, आहेर घेऊन ये!" तो खेकसायचा. मनातून त्याला बरं वाटत होतं. पोरं मन लावून काम करत होती.

सतरंज्या, पडदे उकळत्या पाण्यातून निघून दोऱ्यांवर चढले. गाद्यांपाशी मात्र घोडं अडलं.

"ह्या टाकून द्या लागतीन," साधना म्हणाली.

"टाकून?" शालिग्राम खुर्चीतून उठला. "ह्या निस्त्या गाद्या हायेत काय? ही जी त्या दिवशी वर आनली, हिच्यावर तुहं आनं गोलूचं लगन लागलं, ठाव हाय तुले?"

साधनाने गादीवरून हात फिरवला. मग कात्री आणून तिने ती त्याच्यासमोर ठेवली. "मले ठाव नव्हतं. तुमीच पाहा मंग. आत कापूस चांगला असंन तं ठेवू."

शालिग्रामने स्वतः शिवण उसवली. आतला कापूस ओला, गोळा झालेला, काळा पडलेला होता. त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो खाली बसला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते काही नुसतं खोकल्याचं नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं. साधनाने पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

"भरू दे टॅक्टरमंधी," तो म्हणाला. मग कमरेच्या करगोट्याला बांधलेली शटरची किल्ली सोडून त्याने तिच्या हातात दिली. "ही तुह्यापाशी ठेव. माह्यापाशी राह्यली तं मी खाले उतरीन."

त्याच आठवड्यात तांड्यावरची कमलीबाई आली. तुळशीच्या लग्नानंतर तिच्या पोरीचं, चंदाचं लग्न होतं. "भाऊ, तुमच्या गाद्याले वास येते म्हनून राह्यले लोक," ती अवघडून म्हणाली.

"येत होता," शालिग्राम म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने फुशारकी मारली नाही. "लगनाच्या दिवशी नाक लावून पाह्य. आला तं गाद्या वापस पाठव."

दिवाळीपर्यंत भिंती खडखडीत वाळल्या. मग चुना लागला. झरोक्यांबाहेर विटांचा कठडा उभा राहिला. नव्या गाद्या आल्या, पहिल्यापेक्षा कमी, आणि त्या भिंतीपासून दूर लोखंडी मांडणीवर चढल्या. शालिग्राम रात्रीचा निवांत झोपू लागला. साधना रोज सकाळी शटर उघडायची आणि मनकर्णाबाई वरून विचारायची, "उगवलं काय वं?"

चंदाच्या लग्नात गोलू आणि साधनाने बिछायत अंथरली. शालिग्राम सवयीने खांबाला टेकून उभा राहिला. कमलीबाई आली, वाकली, गादीला नाक लावलं. ती सरळ झाली आणि त्याच्याकडे पाहून म्हणाली, "बसा भाऊ."

"मी? मी कायले बसू?"

"उभे राहून छाती भरून येईन. आज पाहुने आहा तुमी. बसा."

आजूबाजूला पाहत, चोरट्यासारखं त्याने चपला काढल्या. गादीवर बसला. लोडाला टेकावं की नाही हे ठरेना, शेवटी टेकला. तळवा गादीवर दाबून पाहिला. कोरडी होती. कुणीतरी त्याच्या हातात सरबताचा ग्लास दिला.

एक घोट घेऊन त्याने मान वर केली. समोर मांडवाच्या खांबाला टेकून साधना त्याच्या तोंडाकडे पाहत उभी होती.