घोडा खाली, गोळी आत

सोन्याच्या पेढीवर पहाऱ्याला ती एकटीच बाई. बाकी सगळे पुरुष. त्यातला सगळ्यांत आडदांड गडी म्हणजे पैलवान. पेढीनं नवी पिस्तुलं घेतली आणि शिकवायला सैन्यातून निवृत्त झालेले उस्ताद आले.

"मागे डोकावतोय तो घोडा," ते म्हणाले. "तो आपटला की गोळी सुटते. आता पिस्तूल कमरेला कसं ठेवायचं ते ठरवा. एक, नळीत गोळीच ठेवायची नाही. दोन, गोळी आत, घोडा ताणलेला आणि अंगठ्यानं सरकवायचा सेफ्टीचा खटका लावलेला. तीन, गोळी आत, पण ही कळ दाबून घोडा अलगद खाली उतरवलेला. मग पहिला चाप लांब आणि जड लागतो, कारण तोच घोडा मागे ओढतो; पुढचे हलके. जे ठरवाल, ते रोज तेच."

पैलवानानं सेफ्टी निवडली. तिनं रिकामी नळी. भरलेलं पिस्तूल अंगावर बाळगायला तिची तयारी नव्हती.

सरावात उस्तादांनी तिच्या डाव्या हातात वाळूची पिशवी दिली. "हे घाबरलेलं गिऱ्हाईक. सोडायचं नाही. काढा पिस्तूल."

तिनं काढलं. पण गोळी नळीत चढवायला दुसरा हात हवा, आणि तो तर अडकलेला! ती नुसतीच उभी.

"गेलात तुम्ही," उस्ताद शांतपणे म्हणाले. "आणि गिऱ्हाईकही."

मग तिनं सेफ्टी लावून पाहिली. अंगठा तिथवर पोचेना. पोचवायला जावं तर पकड ढिली पडायची. राहिला तिसरा मार्ग. तिची दुसरी गोळी नेमकी बसायची, पण जड चापाची पहिली थेट मातीत.

"ताई, पहिली उंदरांसाठी का?" पैलवान खिदळला.

"हसून घे तू."

नवरा शिंपी. त्याला सगळं सांगितल्यावर त्यानं विचारलं, "चाप ओढताना हात हलतो, एवढंच ना?" आणि डब्यातून शर्टाचं एक चपटं बटण काढून दिलं. "हे वर ठेव. पडलं तर हललीस."

रोज काम सुटल्यावर, उस्तादांसमोर पिस्तूल रिकामं आहे ना ते तपासून, ती नळीवर बटण ठेवून चाप ओढायची. बटण टपकन खाली. पुन्हा. बोटाला घट्टे पडले. एका संध्याकाळी घोडा मागे गेला, खटकन आपटला, आणि बटण जागचं हललं नाही. उस्ताद मिशीत हसले. परीक्षेत तिची पहिलीच गोळी मधोमध बसली.

पुढे एका सकाळी पेढी उघडते न उघडते तोच एकजण कोयता घेऊन आत घुसला. त्याच्या धक्क्यानं ती संगमरवरी पायरीवर आदळली, पिस्तुलाच्याच बाजूनं. पिस्तूल गप्प राहिलं. घोडा खाली, चाप चामड्याच्या म्यानात झाकलेला. उठता उठता तिनं डाव्या हातानं एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला पाठीशी ओढलं आणि उजव्या हातात पिस्तूल आलं. बोट चापाबाहेर, सरळ.

"कोयता टाक!"

तो थबकला. तिचा हात तसूभरही हलत नव्हता. तिला मनोमन ठाऊक होतं, तो एक पाऊल जरी पुढे आला तरी पहिली गोळी चुकणार नाही. तिच्या डोळ्यांत बघून बहुतेक त्यालाही ते कळलं. कोयता खणखणत फरशीवर पडला आणि पुढच्या क्षणी पैलवान त्याच्या पाठीवर बसला होता.

"ताई," तो धापा टाकत म्हणाला, "मानलं तुम्हाला!"

एकही गोळी न उडता सगळं निभावलं. पोलीस येऊन कोयतेवाल्याला घेऊन गेल्यावर मालकांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, नव्या पहारेकऱ्यांना यापुढे उस्तादांच्या जोडीनं हीच शिकवणार.

ती घरी पोचली तर बातमी तिच्याआधीच पोचलेली, जिन्यात ही गर्दी. सासूबाई मधोमध उभ्या राहून हातवारे करत सांगत होत्या, "आणि आमची सून म्हणाली, टाक कोयता!"

"अहो आई," ती चपला काढत हसली, "आधी जेवायला तरी वाढा! सकाळपासून पोटात कावळे ओरडतायत."