कातळावरचा ठिपका

तुम्ही तो ठिपका पुसलात. मी दाखवला होता, तरी पुसलात!

मी विमानाच्या पोटाला बसवलेला कॅमेरा बोलतोय. मला रंग कळत नाहीत, चेहरे कळत नाहीत. फक्त उष्णता कळते. गार ते काळं, तापलेलं ते पांढरं. धुराच्याही आरपार मला दिसतं. हिवाळाभर मी खोक्यात पडून असतो. जंगल पेटलं की माझी आठवण होते. मग आगीची कड टिपायची आणि तिचा नकाशा खाली तुमच्या कार्यालयात पाठवायचा.

तुमच्या कार्यालयाला एक सवय आहे. दुपारच्या नकाशात उघड्या कातळावर एकटा ठिपका दिसला, की 'उन्हानं तापलेला दगड' म्हणून पुसून टाकायचा. बहुतेक वेळा ते खरंही असतं. म्हणून तर सवय लागते.

त्या दुपारी आग डोंगराच्या पूर्वेला होती. अकरा माणसं तिथे आग अडवायला झाडोरा तोडून पट्टा मोकळा करत होती. परतायला एकच वाट, पश्चिमेच्या कातळाखालून. नेमका त्याच कातळावर मला ठिपका दिसला.

माझ्या पडद्यासमोर बसणाऱ्या ताईनं रेडिओवरून कार्यालयाला विचारलं, "साहेब, तो ठिपका का काढला?"

"अहो, दगड आहे तो. भाऊ खाली आहे म्हणून आता दगडालाही घाबरणार का?"

तिचा धाकटा भाऊ त्या अकरांत होता.  ती वैमानिकाला म्हणाली, "दादा, अजून एक फेरी मारा ना."

"एकच हं. नाहीतर इंधन संपून विमान ढकलत न्यावं लागेल."

धुरात विमान हिंदकळत होतं. मी पुन्हा पाहिलं. ठिपका कातळावरून खाली वाळक्या गवतात सरकला होता. शेजारी आणखी दोन.

"साहेब, तुमचा दगड चालायला लागलाय!" ताई ओरडली. "माणसं बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता!"

रेडिओ खरखरला आणि साहेबांनी माघारीचा हुकूम सोडला. मग वाटेवर फिकट ठिपके पळू लागले. मी मोजले. दहा. पुन्हा मोजले. अकरावा खूप मागे होता, लंगडत. दोघं त्याच्यासाठी परत फिरले. तो कोण, मला ओळखता येईना. ताईनं चालीवरून ओळखलं आणि भावाचं नाव घेतलं.

तिघं कातळाखालून निसटले. सात मिनिटांनी ती वाट माझ्या डोळ्यात पांढरीफटक झाली.

आता माझ्या काचेवर ओरखडा पडलाय. पुढच्या हंगामात माझ्या जागी नवा कॅमेरा येईल, माझ्यापेक्षा तीक्ष्ण नजरेचा. त्यानं दाखवलेलं पुसण्याआधी निदान एकदा वळून बघा. एवढंच मागणं आहे.

काल तुमचे साहेब हँगरमध्ये आले. माझ्याकडे बघत म्हणाले, "कॅमेरा मात्र चांगला निघाला हो."

मेकॅनिक काका माझी काच पुसत होते. हात न थांबवता म्हणाले, "पहिल्या फेरीलाही चांगलाच होता, साहेब."