तीस नमुन्यांचा अर्ज

वल्लरी वर्तकला शेवाळाचं वेड लहानपणापासूनचं. पावसाळ्यात विहिरीच्या कठड्यावर हिरवंगार मखमली शेवाळ धरायचं, आणि आनंदीआत्या ते घासायला काथ्या घेऊन निघाली की ही मध्ये येऊन उभी राहायची. पुढे तिने त्याच विषयात डॉक्टरेट केली, आणि यंदा अंटार्क्टिकाच्या मोहिमेत तिची निवड झाली. चौलला त्यांच्या आळीत पेढे वाटले गेले. तिथे बर्फात शेवाळ कुठून येणार, असं तिला निदान दहा जणांनी विचारलं.

येतं, ती सांगायची. तिथल्या आपल्या भारतीय संशोधन केंद्रापासून थोड्या अंतरावर एक खडकाळ खोरं आहे. उन्हाळ्यात तिथलं बर्फ वितळतं आणि खाली शेवाळाचे गालिचे दिसतात, काही तर शेकडो वर्षांचे. एकदा बूट पडला की ती खूण पुसायला माणसाचा जन्म पुरत नाही. म्हणून ते खोरं संरक्षित होतं. आत पाऊल टाकायचं तर वेगळा परवाना हवा. आत जाऊन काय करणार, किती उचलणार आणि हेच काम बाहेर का होत नाही, हे आधी परवाना समितीला पटवायला हवं.

गणपतीला घरी आली तेव्हा ती तोच अर्ज भरत होती. तिचे वडील, ज्यांना सगळी आळी दादा म्हणते, शेजारी येऊन बसले. दादांची सारी नोकरी अलिबागच्या सरकारी कचेरीत गेलेली. अर्ज दिसला की त्यांचा हात आपोआप चष्म्याकडे जायचा.

"नमुने किती मागतेयस?"

"बारा. चमचाभर एकेक."

"बारा हवेत म्हणून बारा मागायचे? अगं, वर बसलेला माणूस कात्री लावणारच. न लावली तर त्याला काम केल्यासारखं वाटत नाही. तीस माग, बारा मिळतील."

"दादा, हे तसलं नाहीये."

"सगळं तसलंच असतं."

वल्लरीने दोन दिवस दाद दिली नाही. तिसऱ्या दिवशी तिला वाटलं, खरंच कमी केले तर? बारातले पाच मिळाले तर वर्षाचं काम पाण्यात. तिने बाराचे तीस केले आणि अर्ज धाडून दिला.

समितीने कात्री लावली नाही. दसऱ्यानंतर ईमेल आली: तीसपैकी प्रत्येक नमुना संरक्षित हद्दीच्या आतूनच का हवा, याचं स्वतंत्र कारण द्यावं. सुनावणी पुढच्या आठवड्यात, ऑनलाइन.

मोहीम निघेपर्यंत घरीच राहिलेली वल्लरी कारणं लिहायला बसली. पहिली बारा झरझर लिहून झाली. तेराव्याला ती अडली. तेरावं कारण नव्हतंच. चौदावंही नव्हतं. तिने काहीबाही लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी लॅपटॉप बंद करून वाडीत गेली आणि पडलेल्या झावळ्या गोळा करत सुटली. रागाने झावळ्या ओढताना पाहून आत्या म्हणाली, "वलू, त्या झावळ्यांनी काय केलंय गं तुझं?"

सुनावणीच्या दिवशी वल्लरी ओटीवर बसली, कारण घरात रेंज तेवढ्याच कोपऱ्यात यायची. स्क्रीनवर चार जण होते. अध्यक्ष होत्या डॉ. निवेदिता बोकारे, पिकल्या केसांच्या, शांत आवाजाच्या. सगळं बोलणं इंग्रजीत चाललं होतं. दादा आतल्या दाराआड उभे राहून समजेल तेवढं ऐकत होते.

"तेरा ते तीस," बोकारे मॅडमनी विचारलं, "यांची कारणं आलेली नाहीत."

वल्लरीने काल रात्रीपर्यंत मनात घोळवलेलं एक गुळगुळीत उत्तर होतं. तोंड उघडलं, आणि ते तिला देववेना. त्या खोऱ्यातला एकेक चमचा परत भरायला किती वर्षं लागतील, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"कारणं नाहीत, मॅडम," ती म्हणाली. "मला बाराच हवेत. तुम्ही कमी कराल या भीतीने मी तीस लिहिले. चूक झाली."

तेवढ्यात आतलं दार धाडकन उघडलं आणि दादा बनियन आणि लेंग्यावर थेट कॅमेऱ्यासमोर आले.

"साहेब! मॅडम! चूक माझी आहे. तीसचा आकडा मी सांगितला. पोरीचा काही दोष नाही!"

"दादा!" वल्लरीने कपाळाला हात लावला.

स्क्रीनवरचे बाकीचे तिघे गोंधळून पाहू लागले. बोकारे मॅडम मात्र चक्क मराठीत म्हणाल्या, "आपण सरकारी नोकरीत होतात का हो?"

"होतो. अलिबागला."

"वाटलंच. माझे वडील नांदेडला होते. तेही दुप्पटच मागायचे." त्या हसल्या, आणि त्यांचं हसू ओसरेपर्यंत दादांना आपण बनियनवर आहोत हे उमगलं. ते जसे आले तसेच आत पळाले.

मॅडम पुन्हा वल्लरीकडे वळल्या. "आता खरं सांग. बाराच्या बारा आतलेच हवेत?"

वल्लरीने या वेळी घाई केली नाही. आतलं अस्पर्श शेवाळ आणि केंद्राजवळचं, धूर आणि वर्दळ सोसलेलं शेवाळ, दोन्हींची तुलना करायची होती. तुलनेसाठी चार बाहेरचे चालतील. चालतील कशाला, उलट बरेच पडतील. हे आधी का सुचलं नाही?

"आठ आतले, चार बाहेरचे," ती म्हणाली. "आणि त्याने काम जास्त नीट होईल."

परवाना आला तो अटींसकट. खोऱ्यात एकदाच जायचं, खडकावरूनच चालायचं, आणि सामानातून इथलं एकही बी तिथे पोहोचता कामा नये. त्या शेवटच्या अटीने घरात धमाल उडवली. वल्लरीचं जाकीट आणि बॅग वाडीत वापरून वापरून कुसळांनी भरलेली. आत्याने चष्मा चढवून भुवया कोरायचा चिमटा घेतला आणि वेल्क्रोच्या पट्टीतलं एकेक कुसळ उपटायला सुरुवात केली. दादांनी बुटांचे तळ दात घासायच्या ब्रशने घासले. मधेच शेजारचं मांजर येऊन स्वच्छ जाकिटावर आरामात लोळलं. "मेल्या, तुझा परवाना कुठाय?" आत्या ओरडली, आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

जानेवारीत, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात, एका स्वच्छ दिवशी वल्लरी खोऱ्यात उतरली. सोबत केंद्रावरचा कुलदीप होता, सुरक्षेसाठी दोरी सांभाळणारा. दोघं दगडादगडावरून, लहान मुलं ठिक्कर खेळतात तशी, पाय जपून टाकत गेली. वळणापुढे तो गालिचा दिसला: काळसर, सुरकुतलेला, वरून पार मेल्यासारखा. वल्लरी उकिडवी बसली आणि बराच वेळ तिने डबी काढलीच नाही.

"सॅम्पल नाही घ्यायचं?" कुलदीपने हिंदीत विचारलं.

"घेते. आधी बघू दे."

तिने आठ नमुने घेतले, सगळ्या कडेच्या विरळ जागांमधून.

संध्याकाळी केंद्रावरून तिने घरी व्हिडिओ कॉल लावला. चित्र अडकत अडकत येत होतं. दादा या वेळी इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. वल्लरीने बशीत ठेवलेली चिमूटभर काळा चुरा दाखवला.

"हे आणायला एवढ्या लांब गेलीस?" आत्या म्हणाली. "करपलेल्या मेथीसारखं दिसतंय."

"थांब जरा. बघ आता."

वल्लरीने ड्रॉपरने दोन थेंब पाणी सोडलं. काही झालं नाही. मग एक पान हळूच उलगडलं, मागोमाग दुसरं, आणि बघता बघता त्या काळ्या चुऱ्यातून कोवळा, ओला हिरवा रंग वर आला.

"अगो बाई!" आत्या स्क्रीनच्या इतकी जवळ आली की तिचं फक्त नाकच दिसू लागलं. "जिवंत आहे गं ते!"

"मला दिसू दे की," दादा मागून म्हणाले. "आनंदी, सरक जरा!"