काटा हलला नाही

मी कलरीमीटर. मराठीत मला रंगमापी म्हणतात, पण त्या नावाने मला कुणी हाक मारली नाही. सगळे 'मशीन' म्हणत. माझं कुणी ऐकेल की नाही, शंकाच आहे. तरी सांगतो.

माझा जन्म अंबाल्याचा. जालना जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर दोनेक वर्षांनी लाकडी खोक्यातल्या भुशात बसून मी इथे आलो. तालुक्याच्या गावात पाणी तपासणीची एकच खोली. पुढे अंगण, अंगणात बोअर आणि सरकारी जीप. मला हाताळायचे देवानंद साहेब, रसायनशास्त्रात एम. एस्सी. झालेले. काचेची नळी जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने पुसायचे आणि बोटाचा ठसा राहिला तर स्वतःवरच चिडायचे.

माझ्या पोटात एक दिवा, पुढे हिरवट काच, मग पाण्याची नळी आणि पलीकडे उजेड मोजणारा डोळा. या भागात जमिनीतल्या पाण्यात फ्लोराईड असतं. ते हाडांत उतरतं. पाण्यात लाल औषध टाकलं, की फ्लोराईड असेल तिथे तो लाल रंग थोडा फिका पडतो. इतका थोडा, की माणसाला दोन्ही नळ्या सारख्याच दिसतात. माझा काटा मात्र सरकतो. याचा मला फार अभिमान होता.

पण मला पाणी दिसत नाही, दिसतो तो फरक. आधी मोठ्या बाटलीतलं, वाफ थंड करून धरलेलं शुद्ध पाणी लाल करून माझ्यापुढे ठेवतात, काटा खुणेवर आणतात आणि मला सांगतात, हे निर्मळ. पुढचं सगळं मी त्याच्याशीच ताडून बघतो. ते निर्मळ पाणी खरंच निर्मळ आहे का, हे बघायला माझ्याकडे काही नाही.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात नंदाबाई आल्या. राजूरकडच्या एका वाडीवरून, जीप बदलत, हापशाचं पाणी बाटलीत घेऊन. कडेवर मुलगी, सत्यशीला. कडेवर घेण्याचं तिचं वय नव्हतं.

"साहेब, पोरीचे गुडघे आत वळून राह्यले. हापशाच्या पाण्यानं होतंय म्हणत्यात. तुम्ही लिहून देलं तर तळ्यावरून नळ मंजूर होईल."

साहेबांनी पाणी लाल केलं, नळी पुसली, ठेवली. काटा हलला नाही. त्यांनी नळी पुन्हा पुसून ठेवली. मुलीच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि माझ्यावर विश्वास ठेवला.

"बाई, मशीनला काही सापडत न्हाई."

"मंग हिच्या पायाला काय सापडलं?"

दारात जीपचा ड्रायव्हर संपत उभा होता. "मावशी, मशीनसंग भांडता का? ते पार पंजाबाकडून आलंय, त्याला मराठी येत न्हाई."

साहेबांनी लिहिलं, 'फ्लोराईड आढळले नाही.' नंदाबाई पुढेही येत राहिल्या. दर वेळी माझा काटा तिथेच, आणि अहवालात तेच शब्द. नळ मंजूर झाला नाही.

मग काही वर्षांनी अंगणातली जीप निकालात निघाली. संपतने सगळ्यांना चहा पाजला.

"काय गाडी होती साहेब. बॅटरीनं कधी दगा देला न्हाई. तुमच्या शुद्ध पाण्यावर पोसली तिला."

साहेबांनी कप खाली ठेवला. "शुद्ध पाणी म्हणजे त्या मोठ्या बाटलीतलं?"

"हां. बॅटरीला तेच लागतं ना."

"बाटली तर भरलेली असायची, संपतराव."

"मंग? रिकामी ठेवतो का? अंगणातल्या बोअरचं टाकायचो बराबर. तुम्हाला त्रास नको म्हणून. पाणीच तर हाये."

बोअर आणि वाडीचा हापसा, दोन्ही एकाच जातीच्या खडकातून पाणी ओढत होते. मी विषाशी विष ताडून बघत होतो, आणि फरक शोधत होतो.

साहेबांनी त्याच आठवड्यात पाणी स्वतः उकळून वाफेचं नवं पाणी धरलं आणि वाडीचा नमुना आणवला. काटा खुणेवरून इतका सरकला, की त्यांनी खुर्ची ओढून घेतली. मग अंगणातल्या बोअरचं पाणी ठेवलं. तसंच. ते पाणी तर इथल्या सगळ्यांच्या पिण्याच्या माठात होतं.

वरच्या कचेरीने विचारलं, आधीचे अहवाल वेगळे का? साहेबांनी पेन उचललं. खरं लिहिलं तर संपतची नोकरी जाणार होती, आणि बाटलीवर लक्ष ठेवणं हे काम साहेबांचं होतं. त्यांनी लिहिलं, 'यंत्राची संवेदनशीलता अपुरी.' अक्षर नेहमीसारखं सुरेख.

नंदाबाईंना निरोप गेला. त्या आल्या, मागून सत्यशीला, भिंत धरत. तिने मला वाकून पाहिलं.

"हेच का ते? याला दिसलं न्हाई?"

साहेबांनी खिडकीतून बाहेर बघितलं. अंगणात संपत होता.

"जुनं मशीन आहे, पोरी. बारीक दिसत न्हाई त्याला."

"हां," ती म्हणाली. तिने विश्वास ठेवला. एवढा शिकलेला माणूस सांगतो म्हटल्यावर कोण ठेवणार नाही?

कुणी पाणी पिऊ नये म्हणून हापशाला लाल रंग फासला. नळ अजून आलेला नाही. जुना अहवाल नव्याशी जुळत नाही, म्हणून प्रकरण थांबलंय. बायका लाल हापसाच हापसतात.

माझ्या जागी आकडे दाखवणारं नवं यंत्र आलं. मी कपाटावर आहे, दिवा गेलेला. आज ना उद्या भंगारवाला येईल. त्याआधी तुमच्यापैकी कुणी राजूरकडे गेलात, तर सत्यशीलाला एवढं सांगा, की मला दिसलं असतं. निदान मला तरी तसं वाटतं.