भावोजींना जे सांगितलंत ते

भावोजी हवेतून खाली आले तेव्हा ती आधीच रस्त्यावर पोचली होती.

गाडी बाजूच्या गल्लीतून, ना भोंगा ना दिवा, थेट सायकलच्या मागच्या चाकावर आली होती. ती एकीकडे पडली, सायकल दुसरीकडे, आणि कॅरिअरवर पट्ट्यानं बांधलेले भावोजी पट्टा तोडून बॉनेटवर आपटले. तिथून घरंगळत ते दाढी-कटिंगच्या दुकानासमोर उताणे झाले. टोपी तेवढी डोक्यावर राहिली.

पुढचं तिनं ठरवून केलं नाही. रोज करून हातात बसलेल्या गोष्टी विचारायला थांबत नाहीत. ती रांगत गेली, भावोजींच्या दोन्ही खांद्यांवर थापट्या मारल्या आणि ओरडली,

"भावोजी, ऐकू येतंय का?"

भावोजी काही बोलले नाहीत. तिनं त्यांची हनुवटी वर केली, श्वास पाहिला, छातीच्या मधोमध तळहात ठेवले आणि दाबायला लागली. दाब बरोबर बसला की छातीतून ‘टक्’ असा आवाज यायचा. तो चार-पाच वेळा आल्यावर तिला आठवलं, की भावोजी रबराचे आहेत.

ती प्रथमोपचार शिकवायची. छाती दाबायचा सराव करण्यासाठी प्रशिक्षण केंद्रानं दिलेला हा पुरुषभर उंचीचा पुतळा, राखाडी ट्रॅकसूट घातलेला. वर्गातल्या बायका परक्या पुरुषाला हात लावायला लाजल्या, म्हणून त्यांनीच नातं जोडून टाकलं होतं. तेव्हापासून भावोजी.

तिनं हात उचलले आणि वर पाहिलं. भोवती माणसं जमली होती. कोणीही तिच्याकडे बघत नव्हतं.

"गेला का हो?" कोणीतरी विचारलं.

गाडीवाला उतरून आला होता. चेहरा पिठासारखा पांढरा, हातातला फोन अजून चालू. तो भावोजींच्या पायाशी मटकन बसला.

"माझीच चूक. मी फोनवर बोलत होतो. समोर बघितलंच नाही मी. माझीच चूक, ताई."

तिनं हात पुन्हा छातीवर ठेवले.

कारण केंद्रप्रमुखांनी परवाच बजावलं होतं. "सायकलवर माणूस बांधून हिंडतेस, बरं दिसतं का? आता एकदा जरी काही झालं, तरी तुझे वर्ग गाडी असलेल्या माणसाकडे." गाडी असलेला माणूस म्हणजे प्रमुखांचा जावई. तो भावोजींना हात लावत नसे. इस्त्री मोडते म्हणून. आणि आता काहीतरी झालंच होतं. सायकल बाजूला पडलेली होती, आणि आडव्या सायकलची बाजू कोणी ऐकून घेत नाही.

"यांचा हात धरा," ती गाडीवाल्याला म्हणाली. "आणि मघाचं पुन्हा बोला. मोठ्यानं."

त्यानं भावोजींचा हात धरला आणि पुन्हा सगळं सांगितलं. फोन, गल्ली, न लावलेला ब्रेक. बायकोशी भांडण चालू होतं हेसुद्धा सांगितलं, जे कोणी विचारलं नव्हतं.

"तुम्ही!" ती दुकानातून धावत आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाली. त्याच्या एका गालावर फेस होता, दुसरा तुळतुळीत. "अर्धी दाढी! अँब्युलन्स बोलवा. आणि हे काय म्हणतायत ते लक्षात ठेवा."

"बोलावतो, बोलावतो!"

एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. "बहिणीला कसं सांगणार गं आता? सख्ख्या बहिणीचा नवरा का?"

"वर्गातले आहेत," ती दाबता दाबता म्हणाली. खोटं बोलणं तिला आवडत नसे.

मग गाडीवाला बोलायचा थांबला.

"यांची बोटं चिकटलेली आहेत."

"धक्क्यानं होतं तसं," अर्धी दाढी फोन कानाला लावून म्हणाली.

त्यानं भावोजींची बाही मागे सारली. मनगटावर कोरलेलं त्यानं मोठ्यानं वाचलं. "‘साबणाच्या पाण्यानं पुसा. उन्हात ठेवू नका.’"

सगळे भावोजींकडे बघायला लागले. भावोजींकडून काही खुलासा आला नाही.

"अहो, हा तर बाहुला आहे!" गाडीवाल्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला, आणि जरा जास्तच आला. "मग झालंय काय? काहीसुद्धा झालं नाही! आणि काय हो बाई, सायकलवर एवढं धूड घेऊन हिंडता? तोल जाणारच ना!"

"तुम्ही फोनवर होतात."

"ते मी घाबरून बोललो. माणूस मेला असता तर गोष्ट वेगळी."

"बाहुल्यासाठी रडायला लावलं मेलीनं," म्हातारी पदर सोडत पुटपुटली आणि चालू लागली. गर्दी पांगायला लागली. मेलेला माणूस निघाला नाही, याचा थोडा राग तिच्यावरच होता.

ती उठायला गेली. पाय आला नाही.

तिनं खाली पाहिलं. डावं पाऊल भलत्याच दिशेला वळलं होतं, आणि ते बघितल्यावरच ते दुखायला लागलं. धडक तिलाही बसली होती, हे एवढ्या वेळात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्याही नाही.

खिशात फोन वाजला. तिनं आवाज बाहेर ऐकू येईल असं बटण दाबलं.

"कुठे आहेस? कारखान्यातली माणसं ताटकळलीत," केंद्रप्रमुख म्हणाले. "सायकलनंच काहीतरी केलं ना? भावोजी बरे आहेत का?"

"भावोजी ठणठणीत आहेत."

"मग झालं काय?"

तिनं फोन गाडीवाल्यासमोर धरला.

"सांगा. भावोजींना जे सांगितलंत ते."

"मी कशाला सांगू? माझा काय संबंध?"

तिनं दुसऱ्या हातानं पँटचा पाय वर ओढला. निघालेली माणसं थबकली. म्हातारी परत आली. गाडीवाल्यानं त्या पावलाकडे पाहिलं, मग घाईनं दुसरीकडे पाहिलं, पण तिथे अर्धी दाढी उभी होती.

"आम्ही ऐकलंय हो," तो माणूस म्हणाला. फेस गालावर वाळून गेला होता. "दाढी सोडून ऐकलंय."

"हॅलो? हॅलो?" केंद्रप्रमुख ओरडत होते.

फोन तिनं खाली घेतला नाही.

गाडीवाल्यानं उजव्या हातानं तो घेतला. डाव्या हातात अजून भावोजींचा हात होता. सोडायचं त्याला सुचलं नव्हतं.

"हॅलो," तो म्हणाला. "गाडी मी चालवत होतो."

तो बोलत राहिला. भावोजींना सांगितलं होतं त्याहून हळू, पण गल्लीपासून सगळं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग भावोजींच्या शेजारी रस्त्यावर आडवी झाली आणि डोळे मिटले.

कोणीतरी तिच्या दोन्ही खांद्यांवर थापट्या मारल्या. साबणाचा वास आला.

"ताई! ऐकू येतंय का?"

"येतंय," ती म्हणाली. "जरा जोरात मारा. पुढच्या वेळी."